गरजांच्या रकान्यातली काठी

डोळे मिटा बरं क्षणभर. मे महिना आहे, भर दुपार आहे, तुम्ही गच्चीवर उभे आहात आणि तुमची सावली हरवली आहे. पुढे नाही, मागे नाही, कठड्यावर नाही. खाली वाकून पाहिलंत तर चपलांना चिकटून बसलेला काळा पट्टा तेवढा दिसतो. घाबरू नका. सूर्य बरोबर डोक्यावर आला आहे, इतकंच.

आता त्या गच्चीवर नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. दोन वेण्या, गुडघ्यावर चिकटपट्टी, मुठीत खडू. ती जुई. आणि जिन्याच्या दारात, जिथे थोडा आडोसा असतो तिथे, खुर्ची टाकून बसलेला म्हातारा दिसतोय ना? तो मी. मला खैरनार सर म्हणत. बिल्डिंगमधली पोरं सरआजोबा म्हणायची. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, निवृत्त झालो तरी खोड जाईना. म्हणून सुट्टीत नाशिकच्या आमच्या गच्चीवर मी पोरं जमवायचो.

त्या वर्षी मी त्यांना या बिनसावलीच्या दिवसाबद्दल सांगत होतो.

"सरआजोबा, हा दिवस सगळीकडे एकदमच येतो?" जुईने विचारलं.

"नाही. सूर्य दक्षिणेकडून वर सरकत येतो. आधी कोल्हापूरच्या डोक्यावर, मग साताऱ्याच्या, मग पुण्याच्या, मग आपल्या."

"कोल्हापूर कधी?"

"सात तारखेच्या आसपास. आपल्याकडे वीसला."

जुईने बोटांवर मोजून काहीतरी हिशेब केला आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे मला एकपण नाही दिसणार."

"का गं?"

"तेरापर्यंत पिवळं आहे. मग निळं."

मला कळेना. शेजारी बसलेला हर्षल मोठ्या अधिकाराने म्हणाला, "हिचं असंच असतं सरआजोबा. आपले वार असतात, हिचे रंग असतात."

"गप रे," जुई म्हणाली, पण चिडली नाही. मग तिने मला समजावून सांगितलं, एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावं तसं सावकाश. तिची आई, वर्षा, नाशिकला. तिचे बाबा, संग्राम, कोल्हापूरला. ते आता एकत्र राहत नव्हते. दोघांच्या फोनमध्ये एक ॲप होतं. त्यात फक्त ते दोघं. आजी नाही, मामा नाही, कोणी नाही. पिवळे दिवस आईचे, निळे बाबांचे. सूर्य कोल्हापुरावर येणार तेव्हा जुई नाशिकला असणार होती, आणि नाशिकवर येणार तेव्हा कोल्हापूरला.

"सूर्य माझी चुकामूक करतोय," ती म्हणाली.

"तुला बघायचंच आहे ना, मग जुलैत परत येतो तो," मी म्हणालो.

"जुलैत ढग असतात."

हे खरं होतं. मी दुसरा उपाय काढला. "तू तिथे नसलीस तरी तुझी काठी तिथे असू शकते. बाबांनी एक काठी उभी केली आणि त्याच वेळी तू इथे दुसरी उभी केलीस, तर आणखीच मोठी गंमत दिसेल. बाबांना फोन करून सांग."

"फोन रविवारी असतो. या रविवारचा झाला. पुढच्या रविवारपर्यंत सूर्य निघून जाईल. आणि माझ्या तोंडून निरोप पाठवायचा नाही, असा त्यांचा पहिला नियम आहे. त्या समुपदेशक मावशींनी घालून दिलाय."

"कोणी कोणाला निरोप द्यायचा नाही?"

"आईने मला सांगायचं नाही की बाबांना हे सांग. बाबांनी मला सांगायचं नाही की आईला ते सांग. जे असेल ते ॲपमध्ये लिहायचं. मी डबा नाहीये, असं मावशी म्हणाल्या. कोणीही काहीही भरून पाठवायला."

त्या संध्याकाळी जुई आईला घेऊनच माझ्याकडे आली. वर्षा एका औषध कंपनीत कामाला होती, थकून आलेली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा तिने उतरवली नव्हती.

"सर, ही काय म्हणते ते मला एकदा नीट सांगा. मघापासून काठी, कोल्हापूर, सूर्य, काठी, कोल्हापूर, सूर्य चाललंय."

मी सांगितलं. ती हसली. मग मीच धीर करून विचारलं, "ते ॲप मला बघायला मिळेल का? चौकशी म्हणून नाही हो. अशी वस्तू मी कधी पाहिली नाही, म्हणून."

तिने फोन उघडून माझ्यापुढे धरला. आत महिना होता, पिवळ्यानिळ्या चौकोनांचा. एक रकाना होता 'बदल' नावाचा. कोणाला तारीख बदलून हवी असेल तर तिथे लिहायचं, समोरच्याने 'मान्य' किंवा 'अमान्य' दाबायचं. तो रकाना वरपासून खालपर्यंत लाल होता. अमान्य, अमान्य, अमान्य. चुलत बहिणीचं लग्न, अमान्य. मामाकडची पूजा, अमान्य.

"पहिला लाल कोणाचा, ते आता आठवतही नाही," वर्षा म्हणाली.

त्याखाली दुसरा रकाना होता. 'जुईच्या गरजा'. चष्म्याचा नवा नंबर. खोकल्याचं औषध, पांढऱ्या झाकणाचं. चित्रकलेचे कागद, जाड. आणि प्रत्येकापुढे हिरवं 'पूर्ण'. एकही गरज रिकामी नव्हती.

"हा बरा हिरवागार आहे," मी म्हणालो.

"त्यात आम्ही भांडत नाही," ती म्हणाली. "का, कशाला, असंही विचारत नाही. तिला लागतं ना, मग आणायचं. एकदा कोल्हापुरात पाऊस असा पडत होता की गाड्या बंद होत्या, आणि हिला शाळेसाठी राखाडी मोजे हवे होते. तो चालत गेला होता."

मग तिने 'बदल' उघडलं, कारण तारीख आणि वेळ लिहायची सोय तिथेच होती. लिहिलं, "सात तारीख, दुपारी साडेबारा. जुईचा सावलीचा प्रयोग. गच्चीवर काठी उभी करणे."

आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. तो लगेच वाजला.

अमान्य.

जुईने ते अक्षर न् अक्षर वाचलं. "बाबांनी सावलीला नाही म्हटलं?"

"वाचलंच नसणार त्याने," वर्षा म्हणाली. "तारीख दिसली की बोट जातं. माझंही जातं." तिने फोन पर्समध्ये टाकला. "राहू दे, बेटा. पुढच्या वर्षी बघू."

जुई जागची हलली नाही. रडेल असं मला वाटलं होतं. पण तिच्या कपाळावर आठी होती, गणित अडलं की पोरांच्या कपाळावर येते तशी. ती म्हणाली, "आई, तू चुकीच्या रकान्यात लिहिलंस."

"म्हणजे?"

"तारीख नकोच लिहू. तारीख लिहिली की बाबांना वाटतं तू दिवस मागतेयस. मला दिवस नकोय. मला काठी हवीय. काठी ही वस्तू आहे. मोज्यांसारखी."

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. असल्या वेळी म्हाताऱ्याने मध्ये पडू नये. तिने फोन परत काढला आणि 'गरजा'मध्ये लिहिलं, "एक सरळ काठी, मीटरभर. कोल्हापूरच्या गच्चीवर उभी हवी. मंगळवारी दुपारी साडेबाराला तिचा फोटो हवा."

उत्तर आलं नाही. 'गरजा'मध्ये उत्तर येत नसे, काम झाल्यावर 'पूर्ण' येत असे. म्हणजे मंगळवारपर्यंत वाट बघणं आलं.

मंगळवारी आमची काठी गच्चीवर मधोमध उभी होती, वाळूच्या बादलीत, आणि बादलीच्या तोंडावर मध्ये भोक पाडलेला जाड पुठ्ठा. पोरं भोवती बसली होती. वर्षा कामावर जाताना फोन माझ्याकडे ठेवून गेली होती. हे तिने का केलं हे मी विचारलं नाही. साडेबाराला जुईने आमच्या काठीच्या सावलीच्या टोकाशी पुठ्ठ्यावर खडूने रेघ मारली. सावली उत्तरेला पडली होती, माझी तीन बोटं मावतील एवढी.

फोन वाजला.

फोटोत एक काठी होती. तिच्या शेजारी दोरीला लटकणारं पितळी वजन, ओळंबा. जुईचे बाबा बांधकामावर इंजिनिअर होते. 'सरळ काठी' म्हटल्यावर त्यांनी ती खरोखरच सरळ लावली होती. सावली नव्हतीच. काठी नुसती हवेतून उतरल्यासारखी उभी होती. फोटोच्या खालच्या कडेला कोल्हापुरी चपलांतले दोन पाय आले होते. त्यांनाही सावली नव्हती.

"बाबा!" जुई ओरडली. फोटोला नाही, पायांना.

मग ती बराच वेळ एकदा फोटोकडे आणि एकदा आमच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिली.

"सरआजोबा, दोन्ही काठ्या सारख्या. वेळ सारखी. सूर्य एकच. तिकडे सावली नाही आणि इकडे तीन बोटं."

"हं."

"मग ही तीन बोटं म्हणजे... कोल्हापूर?"

चाळीस वर्षं शिकवलं मी. वर्गात असा क्षण फार वेळा येत नाही. "कोल्हापूर ते नाशिक," मी म्हणालो. "आईचं घर आणि बाबांचं घर यांच्यातलं सगळं अंतर."

तिने काठीपासून खडूच्या रेघेपर्यंत आपली बोटं ठेवून पाहिली. तिची चार मावली. "एवढंच?" ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज दुपारी गच्चीवर यायला लागली. बाकीची पोरं कंटाळून पत्त्यांकडे वळली, जुई रेघ मारून खाली जायची. सावली रोज आखडत होती. एकदा तिने माझ्या कपाटातला महाराष्ट्राचा नकाशा मागून घेतला, जमिनीवर पसरला आणि पोटावर झोपून विचारलं, "सावली निम्मी होईल तेव्हा सूर्य कुठे असेल?"

"तूच शोध."

तिने कोल्हापूर आणि नाशिकच्या मध्ये बोट टेकवलं. बोटाखाली पुणे होतं. तिने सावलीच्या रेघांवरून दिवस मोजले, परत मोजले, आणि उठून बसली.

"सरआजोबा. तेरा तारीख."

"हो, पुण्याला तेराच्या आसपासच येतो."

"नाही, तसं नाही. तेरा तारीख." तिने माझा हात धरून हलवला. "तेराला मी पिवळ्यातून निळ्यात जाते. पुण्यात!"

आणि मग तिच्याकडून मला ती जागा कळली. पुण्याच्या बायपासला एका हॉटेलचं पार्किंग होतं. आईची गाडी तिथे यायची, बाबांची यायची. मध्ये एक गाडी मावेल एवढी जागा सोडून दोन्ही उभ्या राहायच्या. कोणी खाली उतरायचं नाही. जुई एका गाडीतून उतरायची, बॅग घेऊन ती जागा ओलांडायची आणि दुसऱ्या गाडीत बसायची.

"मधली जागा माझी असते," जुई म्हणाली. "पण आपण संध्याकाळी जातो. संध्याकाळी सावल्या लांब असतात."

त्या रात्री जेवणाआधी मी जुईने घरी नेलेला नकाशा परत आणायला गेलो होतो. स्वयंपाकघरात कुकर चालू होता. जुई ओट्याजवळ उभी राहून सांगत होती आणि वर्षा पोळ्या लाटत होती.

"दुपारी गेलो तर?"

"ती वेळ बदलायची तर 'बदल'मध्ये लिहावं लागेल. आणि तिथलं काय होतं ते तू पाहिलंस."

"'बदल'मध्ये नको. 'गरजा'मध्ये लिही."

"काय लिहू?"

"आई आणि बाबा. तेराला. दुपारी. उन्हात."

लाटणं थांबलं. "जुई, ते गरजांत नाही बसत, राणी. गरजा म्हणजे वह्या, औषधं, असं काही."

"का नाही बसत? रकान्याचं नाव काय आहे? जुईच्या गरजा. मग मला विचार ना, माझी आहे का."

कुकरची शिट्टी झाली. वर्षाने गॅस बंद केला. तिने हात धुतले, पदर नसताना पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले, फोन घेतला, आणि 'गरजा' उघडलं. मी नकाशाची गुंडाळी पुन्हा पुन्हा घट्ट करत होतो. शेवटी तिने लिहिलं. जुईने सांगितलं होतं तसंच, एक शब्दही न बदलता.

उत्तर येणार नव्हतंच. रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा जुईने शाळा, मांजर, आंबे, सगळं सांगितलं, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी नंतर विचारलं, "का गं? सहज विचारायचं होतंस."

"निरोप न्यायचा नाही ना. आणि फोनवर बाबा 'बघू' म्हणतात. गरजांत लिहिलं की करतात."

माझी लेक पुण्याला असते. तिच्याकडे जायच्या निमित्ताने तेरा तारखेला मी त्यांच्याच गाडीत मागच्या सीटवर होतो, मांडीवर वाळूची बादली आणि तो पुठ्ठा घेऊन. काठी माझ्या आणि जुईच्या मध्ये आडवी. अख्खा रस्ता जुई खिडकीबाहेर खांबांच्या सावल्या बघत होती.

"नसतील आले तर तू वाईट वाटून घ्यायचं नाहीस," वर्षा आरशातून म्हणाली.

"हं," जुई म्हणाली. तिच्या मुठीत खडू होता आणि मूठ घामाने पांढरी झाली होती.

बाबांची गाडी आलेली होती. आणि बाबा गाडीत नव्हते. डोक्याला रुमाल बांधून ते त्या मधल्या जागेत, रणरणत्या उन्हात उभे होते. गडी उंच, उन्हात रापलेला. हातात ओळंबा.

जुई धावली. "बाबा, तुम्ही कधी आलात?"

"मगाशीच. उन्हात म्हणलं होतंस ना, म्हणून उन्हात उभा हाय. नमस्कार सर. लई ऐकलंय तुमच्याबद्दल."

बादली ठेवली, काठी रोवली. संग्रामरावांनी एका डोळ्याने ओळंब्याच्या दोरीकडे पाहत काठी सरळ केली. वर्षा गाडीतच होती, इंजिन चालू, काच बंद.

"झाली का?" जुईने विचारलं.

"ह्या बाजूनं सरळ हाय," ते म्हणाले. "पण ओळंबा एका बाजूनं बघून भागत नाही. दुसऱ्या बाजूनंपण कुणीतरी बघाय लागतं. इकडून सरळ दिसती, तिकडून कलंडलेली असती."

जुईने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला. तो मला अगदी त्याच वेळी फार मळलेला वाटला.

ती गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केलं. "आई, दुसऱ्या बाजूने बघायला माणूस हवंय. वेळ होत आली."

इंजिन बंद झालं. दार उघडलं. वर्षा उतरली, डोळ्यांवर हात धरून पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"डावीकडे," ती म्हणाली.

संग्रामरावांनी काठी हलवली.

"तुझ्या नाही, माझ्या डावीकडे."

"बरं."

"अजून. जरासं. जास्त झालं. हां, आता परत. बस."

"बस?"

"बस."

माझ्या ऐकण्यात त्या दोघांचं तेवढंच बोलणं आलं. जुई उकिडवी बसून सावलीकडे बघत होती. सावली बोटभर होती, मग नखाएवढी, मग काठीच्या बुंध्याशी मिटून गेली. पार्किंगमध्ये उभ्या माणसांना, गाड्यांना, कडेच्या बोगनवेलीच्या कुंड्यांना, कोणालाच सावली उरली नाही. हॉटेलचा वॉचमन बाहेर येऊन आपल्याच पायांकडे बघू लागला.

तेवढ्यात वर्षाच्या हातातला फोन वाजला. तिने पाहिलं. संग्रामराव हातभर अंतरावर उभे राहून आपल्या फोनवरून बोट उचलत होते. 'गरजा'मध्ये हिरवं उमटलं होतं. पूर्ण.

वर्षाला हसू आलं. ते तिने दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. संग्रामराव ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागले आणि त्यांचं एक पाऊल गाडीकडे वळलं.

"बाबा, हलू नका!" जुई म्हणाली. "अजून पूर्ण नाही झालं. ते खोडा. आई, तूपण. इकडे ये, अजून जवळ. तिथेच. आता कोणीच हलायचं नाही."

मोठी माणसं मुकाट उभी राहिली. जुई गुडघ्यांवर बसली, चटका लागला तशी पुन्हा उकिडवी झाली, आणि खडूने आधी आईच्या चपलांभोवती रेघ ओढली, मग बाबांच्या. रेघ ती अगदी सावकाश काढत होती. एवढ्या सावकाश की काठीच्या बुंध्यातून सावली दुसऱ्या बाजूने पुन्हा डोकावायला लागली, तरी तिचं संपलं नव्हतं, आणि उन्हाने घामाघूम झालेलं त्यातलं कोणीही तिला आटप म्हणालं नाही.

मग ती उठली. उरलेला खडू तिने माझ्या हातात दिला, चपलांचे बंद नीट केले, त्या दोन रेघांच्या मध्ये राहिलेल्या जागेत जाऊन पाय जुळवून उभी राहिली, आणि म्हणाली, "सरआजोबा, आता माझी काढा. सावकाश."